मीटरवर न दिसणारे तास

रविवारी पहाटे पाच-साडेपाचला बेंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून एकामागून एक मोटारसायकली उत्तरेकडे निघालेल्या दिसतात. रॉयल एन्फील्ड, डॉमिनार, केटीएम, अधूनमधून एखादी जुनी येझदी. बळ्ळारी रोड, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, इथून देवनहळ्ळीकडे जातो आणि पन्नासेक किलोमीटरवर नंदी हिल्सचा १,४७८ मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. वर चढायचे, इडली-वडा खायचा आणि ऊन तापायच्या आत घरी परतायचे, हा अनेकांचा ठरलेला रतीब. याच हेब्बाळहून रिंग रोड पश्चिमेला जातो. गोरगुंटेपाळ्याला तुमकूर रस्ता धरला की चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा करत गाडी पुण्यात पोहोचते. मान्यता टेक पार्कमध्ये नोकरीला लागून हेब्बाळ, नागवारा, येलहंका भागात राहणाऱ्या मराठी मुलामुलींच्या पार्किंगमध्ये एमएच-०९ नाहीतर एमएच-१२ची पाटी दिसते, ती गाडी बहुधा याच रस्त्याने आलेली असते. गणपती-दिवाळीला तिला याच रस्त्याने परत जायचे असते.

सफरीसाठी घेतलेली मोटारसायकल वर्षातले बहुतेक दिवस मात्र सिग्नलवरच काढते. तिची खरी झीज तिथे होते, आणि मालकांचा हिशेब नेमका तिथेच चुकतो. समजा, पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलायचे आहे. महामार्गावर ताशी साठच्या सरासरीने हे अंतर कापायला इंजिन ८३ तास चालते. हेब्बाळ ते नागवारा या पट्ट्यात गर्दीच्या वेळी ताशी वीसची सरासरी मिळाली, तर त्याच पाच हजारांना २५० तास लागतात. मीटरवर आकडा एकच, पण इंजिन तिप्पट वेळ चाललेले, तेही हवा न लागता, हाफ क्लचवर. म्हणून सर्व्हिस पुस्तिकेत ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असे लिहिलेले असते, त्यातले महिने शहरवाल्यांनी पाळायचे. ऑइलच्या काचेत रोज डोकावायची गरज नाही. पण पंधरा दिवसांतून एकदा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, गाडी सरळ उभी धरून पातळी बघावी. साइड स्टँडवर झुकलेल्या गाडीची पातळी चुकीची दिसते.

गर्दीचा पहिला मार क्लचला बसतो. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक असायलाच हवी. ती नसेल तर क्लच कायम किंचित दबलेला राहतो आणि प्लेटा घासून जातात. तपासायची रीत सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये एक्सलेटर थोडा जोरात पिळावा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे सरकली नाही, तर प्लेटा गेल्या असे समजावे. असा क्लच शहरात आणखी महिनाभर निभावून नेतो, पण सामान आणि मागे माणूस घेऊन घाट चढताना हात टेकतो.

दुसरा मार कोनसेटला. हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग खड्ड्यांनी हळूहळू खराब होत जाते आणि मालकाला त्याची सवय होऊन जाते. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, पुढचे चाक जमिनीपासून सुटेल असे मागे कुणाला तरी दाबून धरायला सांगावे, आणि दोन बोटांनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखे जरा अडकले, तर बेअरिंगमध्ये खळगे पडले आहेत. मग फोर्कचे खालचे टोक धरून पुढे-मागे हलवावे. ‘टक्’ असे हाताला लागले तर कोनसेट ढिला आहे. सिग्नलपुरत्या चालणाऱ्या गाडीत हा दोष जाणवतही नाही. ताशी नव्वदला, ट्रकच्या वाऱ्यात, तीच गाडी सरळ राहत नाही. नुसते आवळून काम भागवणारे मेकॅनिक खूप आहेत. खाच पडलेली असेल तर आवळण्याने ती जात नाही, नवा सेटच टाकावा.

चेनची निगा मात्र मालकाने स्वतःच करावी, कारण सर्व्हिसला गाडी जाते तेव्हाच ती करून पुरत नाही. पावसात किंवा धुळीत चाललेल्या गाडीला दर पाचशे किलोमीटरला, कोरड्या दिवसांत थोडे उशिराने, असा अंदाज ठेवावा. इंजिन बंद करूनच काम करावे. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला कापड लावण्याच्या सवयीने लोकांची बोटे गेली आहेत. आजच्या बहुतेक मोठ्या गाड्यांच्या चेनला रबरी ओ-रिंग असतात, त्यामुळे पेट्रोलने धुवायची नाही. चेन क्लीनर नाहीतर रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो. पुसून कोरडी झाली की खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने ल्यूब मारावे, म्हणजे चाक फिरताना ते बाहेर पसरत जाते. हे काम रात्री करावे. रात्रभरात ल्यूब मुरते, सकाळी मागच्या रिमवर शिंतोडे उडत नाहीत. मग ताण. चाक हाताने फिरवत चेन सर्वांत घट्ट कुठे होते ते शोधावे आणि त्या जागी, दोन स्प्रॉकेटांच्या मधोमध, खालून वर दाबून बघावे. साधारण २५ ते ३५ मिलिमीटर खेळ बहुतेक गाड्यांना चालतो. आपल्या गाडीचा आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट. सामान लादल्यावर मागचे सस्पेन्शन दबते, चेन आणखी ताणली जाते आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

ब्रेक ऑइल लोक विसरतात. डॉट-४ ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते, ओलाव्याने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि घाट उतरताना लिव्हर एकदम स्पंजासारखा लागतो. दोन वर्षांनी ते बदलावे, गाडी कितीही कमी चाललेली असो. पेट्रोलचीही तीच तऱ्हा. आता पंपांवर ई-२० मिळते, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलही पाणी धरते. २०२३च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांचे भाग त्या हिशेबाने बनलेले आहेत. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीवाल्यांनी पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट वर्षातून एकदा निरखून पाहाव्यात. महिनाभर गावी किंवा परदेशी जायचे असेल तर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत दमट हवेला जागा मिळते. बेसमेंटमध्ये पाच मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने बॅटरी चार्ज होत नाही, उलट स्टार्टर तिला उतरवतो. शेजाऱ्याला किल्ली देऊन वीस-पंचवीस मिनिटांचा फेरफटका मारायला सांगणे उत्तम, नाहीतर बॅटरीची वायर सोडून ठेवावी. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पार मेली की धक्का मारूनही ती सहसा सुरू होत नाही.

सुटे भाग बेंगळुरूत जे. सी. रोडला, पुण्यात नाना पेठेत मिळतात. जुन्या गाडीचे काही घडवून घ्यायचे, लेथवर बुश किंवा पिन करून घ्यायची, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराला पर्याय नाही. वॉरंटीतल्या गाडीचे इंजिन आणि वायरिंग अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच द्यावे. बाकी कामांसाठी एक चांगला मेकॅनिक धरून ठेवावा आणि तो काम करत असताना शेजारी उभे राहावे. दोनदा पाहिले की मागचे चाक काढणे कुणालाही येते.

हे चाक काढणे फार महत्त्वाचे आहे. गाडीबरोबर मिळालेल्या टूलकिटने आपल्याच पार्किंगमध्ये, शांत डोक्याने, मागचे चाक एकदा काढून परत बसवून पाहावे. एक्सलचा नट त्या पान्याने सुटतच नाही हे निम्म्या लोकांना तिथे कळते, आणि ते पुण्याच्या वाटेवर हिरियूरच्या माळावर कळण्यापेक्षा बरे. स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते. रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५०च्या नव्या मॉडेलला पुढे १९ आणि मागे १८ इंची टायर आहे. हिमालयनला पुढे २१ इंची, आणि ही २१ इंची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळेल अशी आशा करू नये. दोन्ही चाकांच्या ट्यूबा सोबत असाव्यात. ट्यूबलेस टायरला रबरी दोरी भरायचे किट आणि छोटा पंप पुरतो. खिळा उपसण्याआधी त्याची दिशा पाहून ठेवावी, दोरी त्याच दिशेने आत घालावी, वर थुंकी किंवा साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघावे. टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलला, चीर असेल तर दोरीवर भरवसा नको. तो टायर बदलायचाच. टायरवर चौकोनात चार आकडे असतात, ‘२२२४’ म्हणजे २०२४ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. खाचा शाबूत दिसल्या तरी सहा-सात वर्षांचा कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर पकड देत नाही.

क्लच वायरबद्दल जुन्या बुलेटवाल्यांची एक युक्ती नव्या गाडीलाही लागू पडते: नवी वायर जुनीच्या शेजारून ओढून, टाय मारून, आधीच बसवून ठेवायची. तुटली तर दोन टोके जोडली की पाच मिनिटांत गाडी चालू.

कागदपत्रांचा प्रश्न हेब्बाळच्या मराठी गाडीवाल्यांना सतावतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल तर नवीन नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आधी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला, कर्ज असेल तर बँकेचीही संमती, मग इकडे फॉर्म २७ आणि कर्नाटकचा रोड टॅक्स. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी मागे लागावे लागते. म्हणून सगळ्या पावत्या जपून ठेवाव्यात. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांनी नवी गाडी घेताना बीएच मालिकेचा विचार जरूर करावा. ती १५ सप्टेंबर २०२१पासून सुरू आहे. सरकारी, संरक्षण आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांबरोबरच, चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरदारांनाही ती मिळू शकते आणि कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या एमएच गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायची राहिली असेल, तर ती महाराष्ट्रात नेमलेल्या केंद्रावर बसवून घ्यावी लागते. गावी जायच्या तारखा ठरल्या की तिची वेळ आधीच घेऊन टाकावी.

कागद मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये असले तरी कायद्याने चालतात. पण मोबाइल, पाकीट आणि कागद एकाच बॅगेत, आणि बॅग गाडीवर, असे कधी करू नये. मुंबईहून केटीएम ३९० अॅडव्हेंचरवर निघून थेट लंडन गाठलेल्या योगेश आळेकरी यांची गाडी २०२५च्या ऑगस्टअखेरीस इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या एका बागेजवळून दिवसाढवळ्या चोरीला गेली. सामान गाडीवर होते, पासपोर्टही त्यातच गेला. ओळखपत्र, थोडी रोकड आणि कागदांची एक प्रत अंगावरच्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायला पैसे पडत नाहीत. ढाब्यावर बसताना गाडी नजरेच्या टप्प्यात लावावी, एवढे तर करताच येते.

आता पुण्याचा रस्ता. हेब्बाळहून चित्रदुर्ग सुमारे २००, हुबळी ४१०, बेळगाव ५००, कोल्हापूर ६१५ आणि पुणे ८४० किलोमीटर. हे अंतर एका दिवसात मारल्याच्या गोष्टी ऑफिसात ऐकायला मिळतात. त्या नादाला लागू नये. साडेतीनशे सीसीच्या गाडीवर चहा-पेट्रोल धरून ताशी पंचावन्नची सरासरी मिळते. म्हणजे पंधरा तास, आणि शेवटचा टप्पा अंधारात. त्या अंधारात नेमका कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार येतो. तिथे ब्रेक तापलेल्या ट्रकांचे अपघात पुणेकरांना नवे नाहीत. दमलेल्या माणसाने त्या उतारावर असू नये. पहाटे पाचला हेब्बाळ सोडावे, पीण्या आणि नेलमंगला इथली गर्दी जागी व्हायच्या आत तुमकूर गाठावे आणि दुपारी तीन-चारला बेळगावात मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी उरलेले ३४० किलोमीटर आरामात होतात.

रस्त्याचा स्वभाव टप्प्याटप्प्याने बदलतो. चित्रदुर्गाजवळ डोंगरांवर पवनचक्क्या दिसू लागल्या की आडवा वारा लागणार हे ओळखावे. उंच टॉप बॉक्स लावलेल्यांनी वेग उतरवावा, हँडल घट्ट आवळू नये, गुडघ्यांनी टाकी धरावी. जड सामान नेहमी खाली आणि सीटच्या जवळ, हलके वर. बेळगावच्या पुढे निपाणी, कागल, कोल्हापूर, कराड हा ऊसपट्टा. गळीत हंगामात, दिवाळीपासून मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि अनेकांना मागे दिवा नसतो. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात उसाचा ढीग रस्त्याच्या रंगात मिसळून जातो आणि शंभर फुटांवर आल्यावरच दिसतो. या पट्ट्यातून सूर्य डोक्यावर असतानाच निघून जावे.

पावसाचेही दोन राज्यांचे दोन हिशेब आहेत. जुलैमध्ये हेब्बाळला भुरभुर असते तेव्हा निपाणी-कोल्हापूरकडे मुसळधार चालू असते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरांत हाच महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. पावसाळ्यात निघताना कोल्हापूरच्या पंचगंगेची पातळी बातम्यांत पाहूनच निघावे. उलट ऑक्टोबरात महाराष्ट्र उघडतो आणि बेंगळुरूला संध्याकाळी गडगडाटी पाऊस गाठतो. परतीच्या दिवशी रेनकोट बॅगेच्या तळाशी गेलेला नसावा.

दोन चाकांना कुठे मज्जाव आहे तेही माहीत हवे. मोबाइलचा नकाशा मोटारीच्या सेटिंगवर असेल तर तो बिनदिक्कत बंदीच्या रस्त्यावर नेऊन सोडतो. बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर १ ऑगस्ट २०२३पासून दुचाकींना बंदी आहे, बाजूच्या सर्व्हिस रोडने जावे लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवरही मोटारसायकल चालत नाही. पुण्याहून मुंबईला जुन्या लोणावळा-खंडाळा रस्त्यानेच जायचे. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही, नाक्यावर डावीकडची दुचाकीची वाट धरावी. तिथे वाळू आणि सांडलेले डिझेल असते, ब्रेक बेताने लावावा.

खाण्यासाठी तुमकूरजवळ क्यातसंद्राची तट्टे इडली आणि दावणगेरेचा लोणी डोसा हे दोन थांबे बरोबर अंतरावर येतात. भरपेट जेवण मात्र मुक्कामी. वेळ असेल तर दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरेला गाडी वळवावी. १६३८मध्ये बेंगळुरूची जहागीर मिळालेले शहाजीराजे १६६४मध्ये शिकारीला गेले असताना घोड्यावरून पडून तिथेच गेले. त्यांची समाधी साधी आहे, आजूबाजूला शेतमळे. आज हेब्बाळ ज्या शहराचा भाग आहे, त्या शहराशी मराठी माणसाचा संबंध कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांच्या किती आधीचा आहे ते इथे उभे राहिल्यावर कळते. महामार्गाला चिकटून राहणाऱ्यांना ही जागा कधीच दिसत नाही, आणि मोटारसायकलवर फिरण्याचा अर्थच मुळी असे वळण घेता येण्यात आहे.

अंगावरच्या गोष्टींत तडजोड नको. हेल्मेटवर आयएसआय खूण १ जून २०२१पासून बंधनकारक आहे; ती नसलेले हेल्मेट विकणेही गुन्हा. मागे बसणाऱ्यालाही तेवढ्याच दर्जाचे हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट हवेत. विम्यात चालकासाठी पंधरा लाखांचे अपघात संरक्षण आहे का ते बघावे. मागे बसणाऱ्याचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. महामार्गावर अपघात झाला किंवा गाडी बंद पडली तर १०३३, रुग्णवाहिकेला १०८, एरवी ११२. हे आकडे मागे बसणाऱ्यालाही पाठ असावेत.

गावी गेल्यावर एकट्याने परत चालवत येणे जमणार नाही असे वाटले, तर गाडी रेल्वेने पाठवता येते. पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राची प्रत द्यायची. टाकी पूर्ण रिकामी असायलाच हवी. आरसे काढून बॅगेत घ्यावेत, टाकी आणि हेडलाइटला जाड पुठ्ठा आणि गोणपाट स्वतः उभे राहून बांधून घ्यावे. बेंगळुरूत यशवंतपूर स्टेशनला उतरवून घेताना पाव लिटर पेट्रोलची सोय करून ठेवावी लागते, कारण पंपापर्यंत ढकलत न्यायचे झाले तर पावणेदोनशे-दोनशे किलोचे वजन असते. गाडी ताब्यात घेतल्यावर सहीआधी फोर्क, लिव्हर आणि हँडलचा कोन तपासावा. घरी आणल्यावर हवा भरावी, चेनचा ताण पुन्हा बघावा, आणि सोमवारच्या सिग्नलवर जाण्याआधी मोकळ्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा लावून पाहावेत.